लिव्हरच्या पेशंटचं वरण बंद करू नका

बाबांना सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार, निघाला आणि घरात पहिली बंदी आली ती वरणावर. "लिव्हर खराब म्हणजे डाळ, दूध, पनीर बंद," असं जो भेटायला येई तो सांगे. मीही ऐकलं. तीन महिन्यांत बाबांचे दंड काडीसारखे झाले. पोटात पाणी साठलेलं, त्यामुळे काट्यावर वजन मात्र तेवढंच दिसायचं. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांचा दंड टेपनं मोजला, तेव्हा माझे डोळे उघडले.

त्यांनी समजावलं ते असं. प्रथिनं पचून अमिनो आम्लं होतात. ती वापरली जाताना निघणाऱ्या अमोनियाचा युरिया करणं हे लिव्हरचं काम. मग तो लघवीवाटे जातो. लिव्हर थकलं की अमोनिया रक्तात साठतो, मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस बरळायला लागतो. प्रथिनांची भीती आली ती इथून. पण लिव्हरला जमेनासं झालं की अमोनियाचा बराच भार स्नायू उचलतात. त्यात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही अमिनो आम्लं खर्ची पडतात आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण घटतं. फिनाइलअॅलनिन, टायरोसिन मुख्यतः लिव्हरमध्ये मोडतात, म्हणून ती उलट वाढतात. स्नायूच झिजवले तर अमोनिया उचलायचा कुणी?

म्हणून आधी हिशेब करा. सिरॉसिसमध्ये किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन पोटातलं पाणी वजा करून धरायचं, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्या. बाबांचं 55 किलो धरलं, म्हणजे किमान 66 ग्रॅम. पोळी-भाकरीतून साधारण 25, दोन वाट्या घट्ट वरणातून 14, दोन कप दुधातून 13, पनीरच्या 50 ग्रॅम तुकड्यातून 9, वाटीभर दह्यातून 5. डाळी आणि दूधदुभतं अशा पेशंटना मटणापेक्षा जास्त मानवतं. मीठ मात्र हात आखडूनच. लोणचं-पापड आमच्या ताटातून गेले.

रात्रीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. निरोगी लिव्हर रात्रीपुरती साखर साठवून ठेवतं. सिरॉसिसमध्ये तो साठा तुटपुंजा असतो, मग शरीर पहाटेपर्यंत स्नायू मोडून त्यातल्या अमिनो आम्लांची साखर करत बसतं. अशा माणसाची एक उपाशी रात्र म्हणजे धडधाकट माणसाचे दोन-तीन दिवसांचे उपास. आमच्याकडे साडेसातला जेवण आणि दहाला कपभर दुधात दोन पोळ्या कुस्करून, वर चमचाभर गूळ. त्यातून जवळपास 50 ग्रॅम कर्बोदकं जातात. मधुमेह असेल तर गुळाचं आधी विचारा. सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात जायलाच हवं. एकादशी, चतुर्थी, सगळे उपास बंद. बाबांना ते फार जड गेलं, पण मी हट्ट सोडला नाही.

शौचाला साफ होणंही तितकंच महत्त्वाचं, कारण आतड्यातही अमोनिया तयार होतो. डॉक्टरांनी दिलेलं लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ करणारं औषध, दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतकं द्यायचं. जुलाब लागले तर डॉक्टरांना विचारून कमी करा.

बाबा शाळामास्तर होते, अक्षर मोत्यासारखं. अमोनिया मेंदूपर्यंत पोचला तर ते अक्षरात दिसतं, म्हणून रोज सकाळी चहाबरोबर मी त्यांच्यापुढे वही ठेवते आणि तारीख घालून सही करायला सांगते. एकदा सहीतली शेवटची अक्षरं ओळ सोडून खाली घसरली. आदल्या दोन दिवसांत त्यांना शौचाला झालं नव्हतं, रात्री टक्क जागे आणि दुपारी पेंगत होते. मी त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला लावले, "थांब" म्हणताना धरतो तसे. पंजे पंखासारखे फडफडले. त्याच तासाला दवाखाना गाठला. असं काही दिसलं, काळी शौच झाली किंवा ताप आला तर घरी थांबू नका, आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी तर मनानं मुळीच देऊ नका.

परतल्यावर त्या रात्रीही दहाची दूध-पोळी चुकवली नाही. दुसऱ्या दिवशी सही अजून वाकडी होती. चौथ्या दिवशी ओळीवर आली.