ईव्ही चार्ज होत नाही? बॅटरीला दोष देण्याआधी या चुका टाळा (नागपूरकरांसाठी खास)

उन्हाळा लागला की नागपुरात ही तक्रार हमखास ऐकू येते, इलेक्ट्रिक गाडी चार्ज होऊन नाही राहिली, मधातच बंद पडते, बॅटरी गेली वाटते. आणि लोकं सरळ बॅटरी बदलायच्या गोष्टी करतात, जी गाडीतली सगळ्यात महाग वस्तू आहे. थांबा भाऊ. आधी घरचं अर्थिंग, वायरिंग आणि ऊन या तीन गोष्टी पाहा, बॅटरीचा नंबर त्याच्यानंतर.

सगळ्यात आधी अर्थिंग (घरातला गळका करंट जमिनीतल्या खड्ड्यात नेणारी वायर), कारण याच्याकडे कोणीच पाहत नाही. फ्रिज, टीव्ही, कूलर हे अर्थिंग नसलं तरी चालतात, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. कारचा चार्जर मात्र चार्जिंग सुरू करायच्या आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर लाल लाइट देऊन थांबतो. आता आपल्याकडची जमीन बघा, काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मे मध्ये वाळून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल गेली की मातीचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून जानेवारीत बरोबर चार्ज होणारी गाडी मे महिन्यात एरर दाखवते आणि माणूस म्हणतो गाडी बिघडली. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी टाकून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. पंधरा-वीस वर्षं जुन्या घरात तो खड्डा कुठे आहे हेच माहीत नसतं, तिथं नवीन अर्थिंग करून घ्या. इलेक्ट्रिशियनला अर्थ टेस्टरनं रीडिंग घ्यायला सांगा, 5 ओहमच्या आत आलं तर चांगलं. नुसत्या मल्टीमीटरनं फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग चांगलं असं समजू नका, कारण मल्टीमीटर नावापुरताच करंट घेतो आणि कमजोर अर्थिंगवरही तो आकडा दाखवतो.

आता जे सांगतोय ते नीट वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो. अर्थची एरर घालवायला काही मिस्त्री सॉकेटच्या आतमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिनला वायरचा छोटा तुकडा जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा लाइट लागतो, सगळे खूश. पण उद्या वरून येणारी न्यूट्रलची वायर कुठे तुटली किंवा ढिली झाली, तर घरातल्या चालू उपकरणांमधून फेज त्याच न्यूट्रलवर येतो, तिथून त्या तुकड्यानं अर्थच्या पिनवर आणि पिनमधून थेट गाडीच्या बॉडीवर. पावसाळ्यात ओल्या अंगणात उभं राहून कोणी दाराला हात लावला तर काय होईल सांगायची गरज नाही. तुमच्याकडे असं केलेलं असेल तर आजच काढा, आणि चार्जिंगच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबीच लागतो.

दुसरी चूक म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड. स्कूटरचा चार्जर साधारण तीन-चार अँपिअर घेतो म्हणून तिथं चालून जातं, आणि मग कार आली की तोच बोर्ड कारला लावतात. कारचा 3.3 किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर 14 अँपिअरच्या आसपास घेतो, तेही सहा-आठ तास सलग. वायरमधली गरमी करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे करंट साडेतीन पट झाला तर गरमी बारा पट. गीझरही मोठा करंट घेतो पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, कार रात्रभर ओढत राहते. त्यात वायरची गुंडाळी तशीच ठेवली तर गरमी निघायला जागाच नाही. डीबीपासून (घरच्या मुख्य स्विचच्या डब्यापासून) वेगळी लाइन ओढा, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, चांगल्या कंपनीचं 16 अँपिअरचं सॉकेट. अर्ध्या तासानं प्लग काढून पिनला हात लावून पाहा (आधी स्विच बंद करा), चटका बसत असेल तर सॉकेट बदला. कूलरच्या लाइनवर तर गाडी लावूच नका.

आता ऊन. नागपुरात पारा 45 च्या वर जातो, धरमपेठेत नाहीतर सीताबर्डीत दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी आतून त्याहून गरम होते. अशी गाडी घरी आणून लगेच चार्जिंगला लावली की बीएमएस (बॅटरी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) सेलचं तापमान पाहून करंट कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. हा बिघाड नाही, बीएमएस त्याचं कामच करून राहिला. तासभर सावलीत राहू द्या, किंवा सरळ रात्री अकरानंतर लावा. वर्धा रोडवर भर दुपारी सलग जोरात चालवली की पिकअप कमी होतो, तेही याच कारणानं, मोटर किंवा कंट्रोलर तापला की सिस्टीम पॉवर कमी करते.

आणि 100 टक्के चार्ज करून गाडी दोन-दोन दिवस उन्हात सोडू नका, जास्त चार्ज आणि जास्त गरमी एकत्र आली की सेल लवकर म्हातारा होतो. इथं तुमची बॅटरी एनएमसी की एलएफपी (लिथियम बॅटरीचे दोन प्रकार) ते माहीत पाहिजे. एनएमसी असेल तर रोजच्यासाठी 80 टक्के पुरे. एलएफपी असेल तर अधूनमधून 100 टक्के करावीच लागते, कारण तिचा व्होल्टेज मधल्या भागात जवळपास सारखाच राहतो आणि बीएमएसला उरलेल्या चार्जचा अंदाज नीट लागत नाही. 20 टक्क्यांवरून एकदम 5 वर आली अशी तक्रार असेल तर आधी एकदा फुल चार्ज करून पाहा, मग सर्व्हिस सेंटरला जा. किती दिवसांनी करायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

फुल चार्जनंतर पहिले काही किलोमीटर रीजन (वेग कमी करताना मोटरनं वीज परत बॅटरीत पाठवणं) लागत नाही म्हणून घाबरू नका, भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज टाकायला जागा नसते. तेवढा वेळ ब्रेक जरा लवकर दाबा.

कार अजिबातच सुरू होत नसेल, स्क्रीनही लागत नसेल, तर बोनेटखालची छोटी 12 व्होल्टची बॅटरी तपासा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिला जोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) या छोट्या बॅटरीवरच चालतात. सुट्ट्यांत गाडी महिनाभर उभी राहिली की हीच आधी बसते.

वॉशिंग सेंटरवाल्याला चार्जिंग पोर्टवर आणि बॅटरीखाली प्रेशरची धार मारू देऊ नका. आयपी 67 (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) ची चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून होते, जोराच्या धारेची चाचणी वेगळी असते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर स्कूटरची बॅटरी जिन्यात किंवा दाराजवळ चार्जिंगला लावू नका, आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. बॅटरी फुगली, वास आला किंवा गाडी पडल्यावर केसिंगला तडा दिसला, तर चार्जर लावूच नका, ती मोकळ्या जागेत ठेवा आणि कंपनीला फोन करा.