आईवडिलांना जर्मनीला बोलावताना: व्हिसा अर्जाची तयारी

मुलाकडे जर्मनीला निघालेल्या आईवडिलांच्या व्हिसाचा निर्णय जर्मन वाणिज्य दूतावास घेतो. दूतावासाच्या वतीने अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या खासगी कंपनीचे केंद्र फक्त कागद, शुल्क आणि बोटांचे ठसे घेते. शिवाय १ जुलै २०२५ पासून, अर्ज नाकारला गेल्यास दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय जर्मनीने बंद केली आहे, म्हणून पहिलाच अर्ज चोख हवा.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यामुळे मे महिन्यात जायचे असेल, तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्यावी आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला असावा, परतीनंतर किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

खर्च मुलगा करणार असेल, तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून औपचारिक हमीपत्र घेऊन त्याची मूळ प्रत कुरियरने पाठवावी. या कार्यालयाची वेळ मिळायलाच काही शहरांत कित्येक आठवडे जातात, तेव्हा तयारीची सुरुवात इथूनच करावी.

सर्वांत जास्त वेळ मात्र नावांना द्यावा. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, कधी कधी पाळण्यातले नावही बदलते. मग मुलाच्या जन्मदाखल्यावर आई ‘सुमन’, तिच्या पासपोर्टवर ‘सुमती’ आणि बँकेच्या पासबुकावर नुसते ‘एस.’ असे होऊन बसते. आपल्याला ती आईच दिसते. परक्या अधिकाऱ्याला तीन बायका दिसतात. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून प्रत्येक नावाचे अक्षरन् अक्षर ताडून पाहावे आणि फरक आढळल्यास विवाह नोंदणी दाखला, राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे.

परत येणार हे दाखवायला पेन्शनचे कागद, आयकर विवरणपत्रे, बँकेचा शिक्का असलेले गेल्या ३ महिन्यांचे स्टेटमेंट, शेती असल्यास सातबारा जोडावा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, चालणारा हवा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधीपासूनच्या आजारांचे कलम नीट वाचूनच पॉलिसी घ्यावी. प्रौढांचे शुल्क ९० युरो असून केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, आधारच्या वेळी ज्यांचे ठसे उमटले नव्हते, त्यांच्यासोबत घरातले कोणीतरी केंद्राच्या दारापर्यंत जावे.

पासपोर्ट परत आला की स्टिकरवरील नाव, वैधतेच्या दोन्ही तारखा आणि राहण्याचे दिवस त्याच दिवशी तपासावेत, कारण तारखांमधले अंतर मोठे असूनही दिवस कमीच मंजूर झालेले असू शकतात आणि परतीचे तिकीट त्या दिवसांत बसवावे लागते.