सुरीच्या मुठीला पकड: खाचा कुठे पाडायच्या, किती आणि कशा

हाताने घडवलेल्या सुरीची मूठ घासून, तेल लावून चकाकायला लागली की देखणी दिसते. पण मासळीचा चिकटा, घाम किंवा पावसाचं पाणी लागलं की तीच मूठ हातात फिरते. म्हणून पोत हवा. मात्र तो सगळीकडे नको, आणि खोलही नको.

आधी आकार तपासा. हात पुढे पात्यावर सरकू नये म्हणून तर्जनीपुढे खाली उतरलेला ओठ लागतो, करंगळीपाशी वळलेली टाच लागते आणि मधे किंचित फुगवटा लागतो. काटछेद अंडाकृती ठेवा. गोल मूठ फिरते. यातलं काही चुकलं असेल तर खाचा पाडून ते भरून निघत नाही, उलट घसरणारा हात जास्त सोलवटतो.

जागा ठरवणं

पात्यावर पुठ्ठा गुंडाळून वर घट्ट चिकटपट्टी मारा. शेवटची धार लावण्याआधीच हे काम उरका. तळहाताला खडूची भुकटी चोळून मूठ नेहमीसारखी धरा. दोन्ही बाजूंवर, बोटांची पेरं आणि अंगठ्याखालचा उंचवटा टेकतो तिथे ठसे उमटतील. पोत तेवढ्याच भागाला द्या. बोटांखालची पोटाकडची कड आणि तळहाताला रुतणारी पाठ गुळगुळीत राहू द्या. जोर लावताना सगळा दाब तिथे येतो आणि फोडही तिथेच येतात. मुठीच्या कडेपासून व रिव्हेटभोवती (मुठीच्या फळ्या पात्याला जोडणाऱ्या खिळ्यांभोवती) ५ मिमी पट्टा मोकळा सोडा. कानस पितळेच्या रिव्हेटवर गेली की पितळ दातांत भरतं आणि पुढची प्रत्येक रेघ फाटकी येते.

साहित्य काय आहे, त्यावर रीत ठरते

कापडी बेकलाइट, म्हणजे आपल्याकडे हायलम म्हणतात त्यातला कापडाचा प्रकार, या कामाला सर्वांत उत्तम. इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचा माल विकणाऱ्या दुकानात तो शीटमध्ये मिळतो. घेताना कडेला पाहा: विणलेले धागे दिसले पाहिजेत. कागदी प्रकार स्वस्त असतो, पण त्याचे टवके उडतात आणि त्याला धाग्यांची पकड येत नाही. कापडी शीटवर २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबलात, त्यापुढे बफ केलं नाही, तर पृष्ठभागावरचे धागे उघडे राहतात आणि ओल्या हातालाही चांगली पकड मिळते. स्वयंपाकघरातल्या सुरीला एवढंच पुरे. तिथे खोल खाचा पाडूच नका. पीठ, चरबी, माशाचा खवला त्यांत बसतो आणि धुऊन निघत नाही.

सागवानात मऊ आणि कडक वलयं आलटून पालटून असतात. पोलादी तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासलं की मऊ भाग निघतो आणि कडक उंचवटे उरतात. ब्रश आडवा फिरवला तर लाकूड पिंजतं. शिसव आणि बाभूळ जास्त एकसारखी व कडक. त्यांवर ब्रशचा परिणाम जेमतेम दिसतो, खाचाच पाडाव्या लागतात.

चौकडीच्या खाचा

शेती, रान किंवा मासेमारीसाठीच्या सुरीला ही रीत. मूठ चिकटवून, रिव्हेट बसवून, अंतिम आकार देऊन २२० पर्यंत घासून झाल्यावरच सुरुवात करा. नंतर आकार बदलायला गेलात तर खाचा काही ठिकाणी खोल, काही ठिकाणी पुसट होतात. फळ्या चिकटवायचा गोंद, म्हणजे एपॉक्सी, पूर्ण २४ तास वाळू द्या.

खाचांमधलं अंतर सारखं राखणं हेच यातलं अवघड काम. त्यासाठी जुनी युक्ती आहे: बारीक दातांची हॅक्सॉची दोन ब्लेडं समांतर ठेवून, मधे २ मिमी जाडीचे वॉशर घालून नट-बोल्टने आवळा. ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिमी, म्हणजे खाच ते खाच २.६ मिमी अंतर मिळतं. त्याआधी ब्लेडांच्या दोन्ही बाजू तेलदगडावर घासून फाकलेले दात सपाट करून घ्या, नाहीतर खाच सुरुवातीलाच रुंद होते. एक ब्लेड आधीच्या खाचेत चालतं, दुसरं पुढची आखतं.

पहिली रेघ मात्र हाताने आणि अगदी अचूक आखावी लागते, कारण बाकीच्या सगळ्या तिच्या मागून जातात. मूठ वाईसमध्ये लाकडी गुटक्यांमधे धरा, मास्किंग टेप लावा, वाकणाऱ्या स्टीलपट्टीने रेघ काढा. कापडी बेकलाइटवर मुठीच्या लांबीशी ६० अंशांचा कोन ठेवा: रेघा आडव्या जातात आणि पुढे घसरण्याला चांगल्या अडवतात. लाकडावर मात्र ३० ते ४५ अंशच ठेवा. तिथे चौकटी रेषांच्या दिशेने लांबट हव्यात. आखूड झाल्या की डोकी तुटून टवके उडतात. एका दिशेच्या सगळ्या रेघा ०.३ मिमी खोल आखून झाल्या की उलट दिशेच्या आखा.

आता छोटी त्रिकोणी कानस. तिचा कोन ६० अंशांचा असतो, त्यामुळे खाच वर १.२ मिमी रुंद झाली की खोली साधारण १ मिमी होते. तिथेच थांबा. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर १.४ मिमी सपाट जागा उरेल. ती घालवून टोकं काढायचा मोह आवरा. टोकदार चौकटी बंदुकीच्या दस्त्यावर शोभतात, पण सुरीवर तासभर काम केलं की तळहात सोलतो. कानस फक्त पुढे ढकलताना दाबा, प्रत्येक खाचेला मोजून सारखे फटके द्या आणि बाहेर पडायच्या आधी दाब सोडा, नाहीतर कडेचा मोकळा पट्टा ओरखडतो. शेवटी ३२० नंबरचा पेपर एकदाच हलका फिरवा.

फिरत्या यंत्राला २ मिमीचा गोल बर (कोरणारं दातेरी टोक) लावून खड्डे पाडायचे असतील तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. उष्णतेने खालची एपॉक्सी मऊ पडते आणि मुठीची फळी सुटते. सोल्डरिंग आयर्नने डाग देण्याची रीत वितळणाऱ्या प्लॅस्टिकसाठी आहे. बेकलाइट वितळत नाही, जळून धूर सोडतं.

बेकलाइट आणि काचतंतूच्या शीटची धूळ फुप्फुसांना वाईट. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा, शक्य तिथे पाणी मारून घासा.

तेल आणि चाचणी

लाकडी मुठीला डबल बॉइल्ड जवसाचं तेल पातळ लावा, १५ मिनिटांनी पुसा आणि खाचांत साठलेलं टूथब्रशने काढा. व्हार्निश नको, ते खाचा भरून टाकतं. तेलाचे बोळे गोळा करून ठेवलेत तर आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. बेकलाइटला तेलाची गरज नाही, साबणाने घासून धुतलं की झालं.

मग पातं गुंडाळलेलंच ठेवून हाताला साबणाचं पाणी लावा, टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवून दहा मिनिटं दाबत, पिळत राहा. मूठ सरकली तर खाचा आणखी दोन-दोन फटके खोल करा. तळहातावर लाल ठिपके उमटले तर चौकटींची डोकी ३२० ने बोथट करा.

अंगठ्यासाठी पात्याच्या पाठीवर खाचा हव्या असतील तर त्या पोलाद कडक करण्याआधीच पाडा, नंतर कानस नुसती घसरते. गोल सुईकानसीने ०.६ मिमी खोल, ३ मिमी अंतराने, साधारण २५ मिमी लांबीत. तळ गोलच हवा. हॅक्सॉच्या चौकोनी तळाच्या कोपऱ्यात ताण साठतो आणि पाण्या-तेलात बुडवताना तडा तिथूनच जातो.