अमेरिकेत एमएसडब्ल्यू झाल्यावर सोशल वर्करचं लायसन्स कसं मिळवावं

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सची, पदवी हातात पडली की कामाला लागायचं, अशी आपल्याकडची सवय आहे. टिस, निर्मला निकेतन किंवा पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, कुठूनही बाहेर पडा, भारतात सोशल वर्कर म्हणून काम करायला आजवर सरसकट लायसन्स लागत आलेलं नाही. अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथे पदवी म्हणजे फक्त अर्ज करायची पात्रता. लायसन्स देतं राज्याचं बोर्ड, आणि टेक्साससारख्या राज्यात लायसन्स नसताना स्वतःला ‘सोशल वर्कर’ म्हणवून घेणंही कायद्यात बसत नाही. म्हणून शेवटच्या सेमिस्टरमध्येच, नोकरी शोधायच्याही आधी, पुढच्या गोष्टींना हात घाला.

१. राज्य आधी ठरवा

ढोबळमानाने दोन टप्पे असतात. पहिला एमएसडब्ल्यूनंतर लगेचचा. न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये त्याला एलएमएसडब्ल्यू म्हणतात, न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये एलएसडब्ल्यू. दुसरा टप्पा एलसीएसडब्ल्यू, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि थेरपी यासाठीचं क्लिनिकल लायसन्स. सुपरव्हिजनखाली, म्हणजे पात्र लायसन्सधारकाच्या देखरेखीखाली, काही वर्षं काम केल्यावर ते मिळतं. पुढे स्वतःची प्रॅक्टिस काढून थेरपी करायची असेल, तर हे दुसरं लायसन्स हवंच.

राज्याराज्यांतला फरक किरकोळ नाही. टेक्सासला क्लिनिकल लायसन्ससाठी किमान २४ महिन्यांत ३,००० तास काम, १०० तास सुपरव्हिजन आणि शिवाय राज्याच्या कायद्यावरची वेगळी परीक्षा लागते. न्यूयॉर्कला किमान तीन वर्षांत २,००० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर झालेले हवेत, आणि शिक्षणात १२ क्रेडिट क्लिनिकल विषयांचे असायला हवेत. ही १२ क्रेडिटची अट आपल्या मुलामुलींना फार नडते. समुदाय संघटन किंवा धोरण हे विषय आवडीने घेतले जातात, घ्यावेतही. पण क्लिनिकल विषय मागाहून सुटे भरायचे तर फी वेगळी आणि सेमिस्टरही जास्तीचं. तेव्हा विषय निवडतानाच बोर्डाचं पान उघडून बसा.

कॅलिफोर्नियाची रीत निराळी. तिथे पदवीनंतर ‘असोसिएट’ म्हणून नोंदणी होते, त्या काळात कायदा आणि नीतिमत्तेची परीक्षा आणि ३,००० तास, आणि शेवटी क्लिनिकल परीक्षा. नोंदणीचा अर्ज पदवी मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत पोचला, तर अर्ज मंजूर होण्याआधी केलेले तासही मोजता येतात. मात्र नोकरी देणाऱ्या संस्थेने काम सुरू होण्यापूर्वीच तुमच्या बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅन पद्धतीने, म्हणजे मशीनवर, घेतलेले असले पाहिजेत. ९१व्या दिवशी पोचलेल्या अर्जाला ही सवलत नाही.

२. पदवी मान्य होते का ते पाहा

अमेरिकेत शिकला असाल तर एकच प्रश्न: तुमच्या कोर्सला कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, म्हणजे सीएसडब्ल्यूईची मान्यता आहे का? असेल तर पुढे चला.

एमएसडब्ल्यू भारतातून केलं असेल तर थोडं थांबावं लागतं. परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणारा सीएसडब्ल्यूईचाच एक विभाग आहे. तिथून तुमची पदवी अमेरिकन एमएसडब्ल्यूच्या तोडीची असल्याचं पत्र घ्यावं लागतं. खरी अडचण येते ती फील्डवर्कच्या पुराव्याची. आपल्या बऱ्याच गुणपत्रिकांवर फील्डवर्कचे गुण असतात, तास नसतात. दोन वर्षं आठवड्याचे दोन दिवस वस्तीत किंवा रुग्णालयात घालवलेले असतात, पण कागदावर त्याचा मागमूस नसतो. त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर संस्थेचं नाव, कालावधी, एकूण तास आणि सुपरव्हायझरची पात्रता लिहून घ्या. अमेरिकेला निघण्यापूर्वी, तुम्हाला ओळखणारे सर-मॅडम अजून कॉलेजात असतानाच हे करावं. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात खेटे घालायला घरच्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन ठेवा.

आणि नाव! पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत. बोर्डाच्या पहिल्या अर्जापासून पासपोर्टवरचंच नाव वापरा आणि सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत जोडा.

३. व्हिसा आणि तास यांचा हिशेब एकत्र मांडा

यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. इंजिनिअरिंगसारख्या ठरावीक विषयांची एक यादी आहे, त्यातल्यांना त्यावर आणखी २४ महिने मिळतात. सोशल वर्क त्या यादीत नाही, म्हणून ती वाढ आपल्याला नाही. क्लिनिकल तासांना मात्र किमान दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे तास अर्धे होतात न होतात तोच एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लावणारी संस्था हवी. विद्यापीठांशी संलग्न ना-नफा रुग्णालयं एच-१बीच्या लॉटरीबाहेर असू शकतात. अर्ज करताना अशा जागा आधी धुंडाळा आणि मुलाखतीतच स्पष्ट विचारा.

ओपीटीचे महिने लायसन्सची वाट बघण्यात जाऊ देऊ नका. अर्ज पदवीच्या आधी भरून ठेवता येत असेल तर भरा. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेआधी सुपरव्हिजनखाली काम करता यावं म्हणून एक वर्षाचं लिमिटेड परमिट मिळतं, त्याची चौकशी करा.

एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, राहून एमएसडब्ल्यू करणाऱ्या मराठी बायका खूप आहेत. शिकायला त्या व्हिसावर आडकाठी नाही. पण फील्ड प्लेसमेंट बिनपगारी आहे म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. कोर्सला प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आणि इमिग्रेशन वकील, दोघांकडून लेखी उत्तर घ्या.

४. परीक्षा

परीक्षा घेते असोसिएशन ऑफ सोशल वर्क बोर्ड्स, म्हणजे एएसडब्ल्यूबी. आधी राज्याच्या बोर्डाची मंजुरी, मग एएसडब्ल्यूबीकडे नोंदणी, हा क्रम. गेली अनेक वर्षं मास्टर्स, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, परीक्षेची फी २३० डॉलर आणि क्लिनिकलची २६० डॉलर राहिली आहे. १७० प्रश्न, चार तास, त्यातले मोजले जातात १५०, असा नमुना बराच काळ चालला. २०२६ मध्ये रचना बदलते आहे, त्यामुळे सीनियर मैत्रिणीची जुनी पुस्तकं घेण्यापूर्वी चालू मार्गदर्शिका वाचा. इलिनॉयने २०२२ पासून पहिल्या टप्प्याच्या लायसन्ससाठी ही परीक्षाच काढून टाकली.

प्रश्नांमध्ये माहितीपेक्षा निवड तपासतात: सोशल वर्करने सर्वांत आधी काय करावं? समजा, सत्तर वर्षांच्या आजी पूर्ण शुद्धीत आहेत, घरी एकट्या राहतात, एकदा पडल्या आहेत. मुलगा म्हणतो, त्यांना नर्सिंग होममध्ये हलवा. आजी नको म्हणतात. आपलं मराठी मन लगेच मुलाची बाजू घेतं आणि आजींना समजवायला धावतं. इथे बरोबर उत्तर आहे आजींना स्वतःला काय हवं आहे ते आधी ऐकून घेणं. क्लायंटचा स्वतःबद्दलचा निर्णय, गोपनीयता, जिवाला धोका आहे का याची खातरजमा, यातल्या कशाला कधी किती वजन द्यायचं हे मनात पक्कं बसेपर्यंत सराव करा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली आपण तो पर्याय का निवडला हे एका ओळीत लिहा. चार आठवड्यांत तुमचा कल कुठे झुकतो ते तुम्हालाच दिसेल.

इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना काही राज्यांत जास्तीचा वेळ मिळतो. मात्र तो परीक्षेची तारीख घेण्याआधी मागून मंजूर करून घ्यावा लागतो. मागायला लाजू नका. नापास झालात तर ९० दिवसांनी पुन्हा बसता येतं, फी पुन्हा भरून. एएसडब्ल्यूबीने २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांत २०१८ ते २०२१ या काळात क्लिनिकल परीक्षा पहिल्याच खेपेला पास होणाऱ्या गोऱ्या उमेदवारांचं प्रमाण सुमारे ८४ टक्के आणि कृष्णवर्णीयांचं ४५ टक्के होतं. या तफावतीवर तिथल्या सोशल वर्करांमध्येच मोठा वाद झाला. एका निकालावरून आपल्या कामाची लायकी ठरवू नका.

५. तास आणि सह्या

क्लिनिकल लायसन्स अडतं ते बहुतेक वेळा कागदावर. नोकरी स्वीकारण्याआधी सुपरव्हायझरचं लायसन्स बोर्डाच्या वेबसाइटवर नावाने शोधा. ते चालू आहे का, त्यावर काही कारवाई झाली आहे का आणि त्या राज्यात सुपरव्हिजन द्यायची पात्रता आहे का, हे तिन्ही बघा. सुपरव्हिजन नोकरीतच मिळणार की बाहेरून पैसे मोजून घ्यावं लागणार, हेही ऑफर लेटर येण्याआधी विचारा, कारण बाहेरचं सुपरव्हिजन पगारातला चांगलाच हिस्सा खातं.

दर शुक्रवारी घरी निघण्यापूर्वी एक ओळ भरा: तारीख, क्लायंटबरोबरचे तास, इतर कामाचे तास, सुपरव्हिजन किती मिनिटं, एकट्याने की गटात, आणि सही. क्लायंटचं नाव त्यात कुठेही नको. सुपरव्हायझर नोकरी सोडतायत असं कानावर आलं की त्याच आठवड्यात बोर्डाच्या अनुभव-पडताळणी फॉर्मवर सही घ्या. संस्था बंद पडते, माणसं दुसऱ्या राज्यात जातात, आणि दीड वर्षाचे तास सिद्ध करायला कुणी सापडत नाही.

६. लायसन्स मिळाल्यावर

नूतनीकरणासाठी सातत्याने शिकत राहावं लागतं: न्यूयॉर्कला तीन वर्षांत ३६ तास, कॅलिफोर्नियाला दोन वर्षांत ३६, टेक्सासला दोन वर्षांत ३०.

राज्य बदललं की बहुधा नव्याने अर्ज करावा लागतो. एका लायसन्सवर अनेक राज्यांत काम करता यावं यासाठीचा आंतरराज्य करार सात राज्यांनी कायदा केल्यावर २०२४ मध्ये अस्तित्वात आला, पण त्यासाठी दोन्ही राज्यं त्यात सामील असावी लागतात. जोडीदाराची बदली होणार असं दिसू लागलं, तर जुन्या राज्यातलं लायसन्स चालू असतानाच नव्या बोर्डाकडे अर्ज टाका, आणि आधीच्या सगळ्या तासांच्या सही झालेल्या प्रती सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा.