मेडिकल डेटाबेसचा ॲक्सेस देताय? या चुका टाळा

नवीन ठिकाणी काम हातात घेतलं की मी आधी युजरची यादी मागवतो. 'वॉर्ड२', 'लॅब', 'टेम्प', 'ॲडमिन_नवीन' अशी नावं दिसली की पुढे काय सापडणार ते कळून चुकतं. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

एक लॉगिन, दहा माणसं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. एका रुग्णालयात एका पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट बाहेर फुटला. नातेवाइकांनी येऊन जाब विचारला आणि मला बोलावणं आलं. लॉग, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याची आपोआप होणारी नोंद, काढला. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी रिपोर्ट उघडलेला, युजर 'वॉर्ड२'. वॉर्डात जाऊन पाहिलं तर त्या लॉगिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेला होता. नऊ जण तो वापरत होते.

संशय आला रात्रपाळीच्या नर्सवर. ती परोपरीने सांगत होती की मी तो रिपोर्ट पाहिलाही नाही. तिचं खरं की खोटं, हे दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली. रिपोर्ट कोणी फोडला ते आजही कोणाला माहीत नाही. लॉग फक्त चोर पकडायला लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही गोष्ट सांगतो. त्या नर्सला सोडवायलाही तोच लॉग लागला असता.

यात वॉर्डातल्या लोकांना दोष देणं सोपं आहे, पण तिथे नवीन माणसाचं लॉगिन मिळायला चार दिवस लागायचे आणि ड्यूटी पहिल्या दिवसापासून असायची. मग ती माणसं करणार काय? त्यामुळे माझा शिरस्ता ठरलेला आहे: रुजू होण्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या नावाचं खातं तयार. ते जमत नसेल तर पासवर्डच्या नियमांची पत्रकं काढू नका.

आणखी एक. ॲप्लिकेशन सगळ्यांसाठी एकाच खात्याने डेटाबेसला जोडलं जात असेल, तर डेटाबेसच्या लॉगमध्ये फक्त ॲप्लिकेशनचं नाव येतं. अशा वेळी स्क्रीनसमोर कोण होतं, कोणत्या पेशंटची नोंद उघडली आणि कधी, हे ॲप्लिकेशनने स्वतः लिहायला हवं. नोंद बदलली तेव्हाच नव्हे, नुसती पाहिली तरीही.

'परमिशन डिनाइड' दिसलं की सुपरयुजर

परवानगी नाकारल्याची एरर आली की सगळे हक्क असलेलं सुपरयुजर खातं देऊन टाकायचं, ही घाईतल्या नवशिक्यांची लाडकी वाट. एरर जाते, काम चालू होतं आणि ती परवानगी तशीच राहून जाते. 'लागेल तेवढीच परवानगी' हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ साली मांडलं. तरी आज 'तात्पुरतं देऊन टाका' ऐकावं लागतं.

आधी एरर शेवटपर्यंत वाचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलवर 'सिलेक्ट' (वाचायची परवानगी) दिलं आणि स्कीमावर, म्हणजे टेबलं ज्या कप्प्यात असतात त्यावर, 'यूसेज' (आत शिरायची परवानगी) द्यायचं राहिलं, तर एररमध्ये स्कीमाचं नाव स्पष्ट येतं. काल चालत होतं, आज नवीन टेबलवर अडलं? 'ग्रँट ऑन ऑल टेबल्स' त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतंच असतं. पुढे येणाऱ्यांसाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' लागतं, आणि तेही ज्या रोलसाठी (युजर किंवा परवानग्यांचा गट) लावलं त्याने बनवलेल्या टेबलांनाच लागू पडतं. या दुसऱ्या भागावर मी लोकांना दिवसदिवस घालवताना पाहिलंय. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० मध्ये युजरला रोल देऊनही तो चालू झालेला नसतो. 'सेट डिफॉल्ट रोल' करा, किंवा लॉगिन होताच सगळे रोल चालू होतील अशी सेटिंग लावा.

सुपरयुजर देण्यातला खरा धोका वेगळा आहे. 'डॉक्टरला फक्त स्वतःचे पेशंट दिसावेत' म्हणून तुम्ही पोस्टग्रेसमध्ये टेबलच्या ओळींवर लावलेले नियम सुपरयुजरला लागूच होत नाहीत. टेबलच्या मालकालाही नाहीत, 'फोर्स' लावल्याशिवाय. व्ह्यू (टेबलसारखी वापरता येणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) तर मालकाच्या हक्काने चालतो, त्यामुळे मागच्या दाराने सगळं दिसू शकतं. पोस्टग्रेस १५ पासून 'सिक्युरिटी इन्व्होकर' आहे, त्याने व्ह्यू पाहणाऱ्याच्याच हक्काने चालतो, ते लावा. मी स्वतः नियम लावला की 'सेट रोल' करून त्या माणसाच्या जागी जातो आणि जी ओळ दिसायला नको तीच मागतो. दिसायला हवी ती ओळ दिसली म्हणून समाधान मानणारे इथेच फसतात.

बाकीच्या, थोडक्यात

माणूस नोकरी सोडून गेला: पोस्टग्रेसमध्ये खातं 'नोलॉगिन' (पुन्हा लॉगिन करायला बंदी) केल्याने आधीच चालू असलेलं सेशन तुटत नाही, तेही बंद करा. त्याचं युजरनेम दुसऱ्याला कधीही देऊ नका.

पोस्टग्रेसचं 'व्हॅलिड अनटिल' म्हणजे पासवर्डची मुदत, परवानगीची नव्हे. मुदतीच्या परवानग्या मी एका टेबलात तारखेसकट लिहितो आणि दर सोमवारी सकाळी काढून घेतो.

दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणं थांबवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७ सालीच ही सक्ती नको म्हटलंय. चिकटपट्ट्या तिच्यामुळेच वाढतात.

उलट बाजूची चूकही होते. पेशंट बेशुद्ध आहे, त्याच्या औषधांची ॲलर्जी पाहायची आहे आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला ॲक्सेस नाही, अशी कुलपं कोणाच्या कामाची? आणीबाणीचा दरवाजा हवाच. कारण लिहायचं, नोंद लगेच उघडायची, ॲक्सेस काही तासांनी आपोआप बंद व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते कारण वाचायचं. हे शेवटचं काम कोणाचं ते नावानिशी ठरवा.

आणि टेस्ट सर्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून पाहायची जागा. मुख्य डेटाबेसला एवढे पहारे लावायचे आणि त्याचीच कॉपी सगळ्या डेव्हलपरना उघडी द्यायची, हे मी वारंवार पाहतो. 'नावं काढली आहेत' हे उत्तर ठरलेलं. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं बहुधा एकेकटी ओळखता येतील. मी टेस्टसाठी बनावट पेशंट तयार करून देतो. दोन दिवस जास्त जातात, ते मी आधीच मागून घेतो.