सांस्कृतिक समितीची किरकोळ रोकड जुळत नव्हती, ती अशी जुळली

आमची सोसायटी बेळगावात, टिळकवाडीत. गणपती, कोजागरी झाली की डब्यातली रोकड आणि वही जुळायचीच नाही. कधी कमी, कधी चक्क जास्त. वही बदलली, एक्सेल केलं, फरक तसाच. चांगल्या माणसांवर संशय यायला लागला, याचा फार त्रास झाला.

दुखणं एवढंच: वर्गणी आणि खर्च एकाच डब्यात.

आधी डबा रिकामा करून सगळी रोकड बँकेत भरली. मग खात्यातून ठरावीक ५,००० रुपये काढून डब्यात ठेवले, डबा एकाच्याच ताब्यात दिला. वर्गणी थेट बँकेत. प्रत्येक खर्चाला व्हाउचर: तारीख, कारण, रक्कम, घेणाऱ्याची सही. फुलवाल्या मावशी, टेम्पोवाला बिल देत नाहीत. तिथे पैसे देतानाच व्हाउचर लिहायचं, घरी आल्यावर नाही. बिल कन्नडमध्ये असेल तर मागे मराठीत दोन शब्द.

दर रविवारी रोकड आणि व्हाउचर मिळून ५,००० भरलेच पाहिजेत. रोकड १,३४० असेल तर व्हाउचर ३,६६० ची. रोकड हजाराखाली गेली की खजिनदार व्हाउचरांवर ‘अदा’ शिक्का मारून, डबा पुन्हा ५,००० चा व्हावा म्हणून, तेवढ्याच रकमेचा चेक डबा सांभाळणाऱ्याला देतात. शिक्का विसरू नका, नाहीतर तेच बिल पुन्हा येतं.