थिसलवरच्या फळमाश्या कशा ओळखाव्यात

इंग्लंडमध्ये जून-जुलैत माळाकडेचं थिसल हे काटेरी तण फुलू लागलं की त्याच्या बोंडांवर चार-पाच मिलिमीटरच्या, पंख हलवत चालणाऱ्या माश्या दिसतात. पिकल्या केळ्यांवरची चिलटं ती ही नव्हेत. आपल्याकडे आंबा-पेरू किडवणाऱ्या फळमाशीच्या कुळातल्या, टेफ्रिटिडीतल्या, या माश्या.

माशीचा फोटो काढून अ‍ॅपला विचारा, हा सल्ला सरळ सोडून द्या. आधी झाड ओळखा, कारण माशीचं नाव झाडावरूनही ठरतं. थिसलच्या दोन जाती लक्षात ठेवा. क्रीपिंग थिसलची फिकट जांभळी फुलं लहान, झुपक्यांनी येतात आणि खोड गुळगुळीत असतं. स्पिअर थिसलचं बोंड दांडगं, खोडावर काटेरी पट्ट्या, पानाच्या वरच्या अंगालाही टोचरे केस. झाडाचा फोटोही घ्या.

माशी काचेच्या नळीत धरा, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. सुस्तावली की अगदी वरून फोटो काढा.

आता पंख. सगळं अडतं ते इथेच. मलाही हे जमायला बराच काळ लागला. नक्षी ‘पट्ट्यांची’ आहे की ‘जाळीची’, हे आधी ठरवा. क्रीपिंग थिसलवर जाड, काळपट, सलग नागमोडी पट्टा दिसला तर ती उरोफोरा कार्डुई. तिच्या अळ्यांमुळे खोडावर टणक, फुगीर गाठ येते. ती गाठ शोधाच. या तणाला आवर घालायला हीच माशी उत्तर अमेरिकेत मुद्दाम सोडली गेली. स्पिअर थिसलच्या बोंडावरची पट्टेवाली बहुधा उरोफोरा स्टायलाटा. पिवळसर-नारिंगी अंग आणि पिवळट तपकिरी जाळीदार पंख असले तर झायफोसिया मिलिआरिया. नक्षीच नाही, पंख स्वच्छ आणि पोटावर काळे ठिपके? मग टेरेलिया सेराट्युली.

दोन गोष्टी सांभाळा. नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीची नक्षी फिकी असते. तिच्यावरून निर्णय नको. आणि मेल्यावर डोळ्यांचा हिरवा रंग उडतो, म्हणून रंग जिवंतपणीच टिपून ठेवा. मादीच्या शेपटाकडची टोकदार नळी अंडी घालण्यासाठी असते, ती नांगी नव्हे, बिनधास्त हाताळा.

काळपट जाळीच्या पंखांच्या टेफ्रायटिस या गटातल्या माश्या मात्र एकमेकींसारख्या दिसतात. फोटोवरून त्यांचं नाव छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. उरोफोराबद्दल शंका असेल तर हिवाळ्यात वाळलेली बोंडं आणि गाठी तोडून आणा, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घालून बाहेर गारठ्यात ठेवा. उन्हाळ्याच्या सुमारास माश्या निघतील, कधी त्यांना खाऊन वाढलेल्या बारीक परजीवी गांधीलमाश्याही. बरणीवर झाडाचं नाव त्याच दिवशी लिहा.